कंपनीची माहिती एआयकडे जाण्याआधी झाकणारं स्टार्टअप: गोव्यातून कसं उभं करायचं

वेर्ण्याच्या औषध कारखान्यात क्यूएचा (दर्जा विभागाचा) माणूस संध्याकाळी डेव्हिएशन रिपोर्ट, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं काय घडलं त्याचा अहवाल, लिहायला बसतो. इंग्रजी नीट उतरावं म्हणून बॅच रेकॉर्डमधलं अर्धं पान उचलून चॅटजीपीटीत पेस्ट करतो. पणजीतल्या सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणारी मुलगी अशिलाच्या नोटिशीला उत्तर तयार करताना पॅन, जीएसटी नंबर, उलाढाल सगळंच देऊन टाकते. कांदोळीच्या हॉटेलात रिझर्व्हेशनवाला परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टांची यादी 'टेबलात मांडून दे' म्हणून टाकतो. यात कुणाचाच हेतू वाईट नसतो. काम लवकर उरकतं म्हणून सगळे हे करतात, आणि ऑफिसच्या संगणकावर बंदी आली तर मोबाइलवरून करतात. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या यंत्रांवर अशी साधनं वापरू नका असं कळवलं. मंत्रालयाला ते परवडतं. सीझन किंवा निर्यातीची ऑर्डर अंगावर असलेल्या कंपनीला परवडत नाही.

म्हणून मधल्या मध्ये बसणारं साधन लागतं. माणसाने लिहिलेल्या मजकुरातली नावं, नंबर, गुपितं झाकायची, झाकलेला मजकूर एआयकडे पाठवायचा आणि उत्तर आलं की खरी नावं परत जागेवर बसवायची. हे विकणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात आहेत. गोव्यातून सुरू करणाऱ्याला त्यांच्यापुढे टिकायचं असेल तर दोन गोष्टी जमल्या पाहिजेत: इथली माहिती इथल्या रूपात ओळखणं आणि गिऱ्हाइकाचं काहीही स्वतःकडे न साठवणं. बाकी सगळं विकत किंवा फुकट मिळतं.

आधी गिऱ्हाईक, मग कोड

पहिले सहा महिने एकच क्षेत्र धरा. गोव्यात तीन क्षेत्रं जवळ आहेत: वेर्णा, कुंडई, पिळर्णच्या वसाहतींमधले कारखाने, किनारपट्टीवरची हॉटेलं आणि सीए-वकिलांची ऑफिसं. आमचा कौल सीएच्या ऑफिसांना. दहा-पंधरा माणसांचं ऑफिस असतं, निर्णय एकच माणूस घेतो, आणि माहितीचे प्रकार ठरावीक असतात. औषध कंपनीकडे पैसा जास्त, पण ती व्हॅलिडेशनची, म्हणजे साधन ठरल्याप्रमाणेच चालतं हे दाखवणारी, कागदपत्रं मागते. तुमचं साधन फक्त मसुदा लिहायला वापरलं जाईल, उत्पादनाच्या अधिकृत नोंदीला हात लावणार नाही, हे करारात लेखी नसेल तर त्या कागदपत्रांतच वर्ष जाईल. शिवाय एक्स्टेन्शन आपोआप अपडेट होणं तिथे चालत नाही. प्रत्येक आवृत्ती आधी कळवून, मंजुरी घेऊन चढवावी लागते.

कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी दोन आठवड्यांची पाहणी करा, आणि ती फुकट करू नका. छोट्या ऑफिसासाठी २५ हजार रुपये मागायला हरकत नाही. संगणकांची एएमसी (वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट) ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून फायरवॉलची किंवा डीएनएसची मागच्या १४ दिवसांची नोंद (ऑफिसातून कोणत्या साइट्स उघडल्या ती) घ्या आणि एआयच्या साइट्सवर कोणत्या विभागातून किती वेळा जाणं झालं ते मोजा. विभागापर्यंतच थांबा, माणसाच्या नावापर्यंत जाऊ नका. मग पाच-सहा जणांबरोबर अर्धा-अर्धा तास बसा. 'तुम्ही काय काय पेस्ट करता?' असं विचारलंत तर कुणी खरं सांगणार नाही. 'एआयमुळे कुठलं काम हलकं झालं?' असं विचारलंत तर लोक स्क्रीन फिरवून दाखवतात. शेवटी मालकाच्या हाती एकच पान द्यायचं: कोणती माहिती, कुठून, किती वेळा बाहेर जाते आणि गेली तर नुकसान काय.

साधन बसवायचं कुठे

तीन जागा आहेत. पहिली म्हणजे ब्राउझरचं एक्स्टेन्शन. दुसरी, स्वतःचा गेटवे, म्हणजे कंपनीचं स्वतःचं चॅट-पान, ज्याच्यामागून एपीआयने (प्रोग्रामने थेट मॉडेलशी बोलायच्या वाटेने) विचारणा जाते. तिसरी, सगळं नेटवर्क प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या एका सर्व्हरमधून, वळवणं.

तिसरीच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. त्यासाठी प्रत्येक यंत्रावर तुमचं रूट सर्टिफिकेट (यंत्राने तुमच्यावर विश्वास ठेवावा म्हणून दिलेला दाखला) बसवून एन्क्रिप्ट केलेली रहदारी मध्येच उघडावी लागते. काही डेस्कटॉप ॲप्स असं सर्टिफिकेट नाकारतात आणि बंद पडतात. त्याहून वाईट म्हणजे कर्मचाऱ्याचं बँकेचं लॉगिनही त्याच नळातून जातं. एक चूक झाली की तुम्हीच सर्वांत मोठी गळती ठरता.

पहिल्या दोन एकत्र बांधा. एक्स्टेन्शन ऑफिसच्या यंत्रांवर गूगल वर्कस्पेसच्या ॲडमिन पानावरून किंवा विंडोजच्या ग्रुप पॉलिसीतून सक्तीने बसवता येतं. ते लिहिताना चॅटच्या साइटवरच्या चौकटीचं नाव-पत्ता धरून कोड लिहू नका. त्या साइट्स आपली पानं सारखी बदलतात आणि तुमचं एक्स्टेन्शन आवाज न करता निकामी होतं. ब्राउझरच्या पातळीवरच्या घटना पकडा: पेस्ट, फाइल निवडणं, फाइल ओढून टाकणं, आणि हाताने टाइप केलेल्या मजकुरासाठी पाठवण्याआधीचं एंटर. रोज सकाळी एक स्वयंचलित चाचणी प्रत्येक साइटवर खोटा पॅन पेस्ट करून बघेल अशी व्यवस्था ठेवा. ती नापास झाली की गिऱ्हाइकाच्या फोनआधी तुम्हाला कळतं.

अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाही, म्हणून गेटवे हवा. कंपनीच्या ईमेलने उघडणारं, मोबाइलवर नीट दिसणारं चॅट-पान दिलं की माणसांना लपूनछपून काही करायची गरज उरत नाही. मोठ्या पुरवठादारांच्या एपीआयवर पाठवलेला मजकूर मूळ सेटिंगनुसार प्रशिक्षणाला वापरला जात नाही. ओपनएआयने हा नियम मार्च २०२३पासून केला. तरी काही काळ तो त्यांच्याकडे साठतो, त्यामुळे झाकणं टळत नाही. खर्चाचा अंदाज इंग्रजीवरून काढू नका. त्याच आशयाच्या मराठी मजकुराला जास्त टोकन (ज्यांवर पैसे मोजले जातात ते मजकुराचे तुकडे) लागतात. गिऱ्हाइकाच्या धंद्यातल्यासारखी शंभर पत्रं तयार करून स्वतः मोजा.

ओळखण्याचं काम: इथेच बहुतेक जण पडतात

नंबरांपासून सुरुवात करा, कारण ते पक्के असतात. पॅन म्हणजे पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. चौथं अक्षर व्यक्तीसाठी पी, कंपनीसाठी सी. जीएसटीआयएन १५ जागांचा. गोव्याचा ३०ने सुरू होतो, पुढच्या १० जागांत पॅन असतो आणि शेवटची जागा पडताळणीची. आधार १२ अंकी, ० किंवा १ने सुरू होत नाही, आणि शेवटचा अंक व्हेरहूफ पद्धतीने पडताळता येतो. ही पडताळणी लावली की सहज जुळलेल्या १२ अंकी आकड्यांतले दहापैकी नऊ गळून पडतात. आयएफएससी ११ जागांचा, पाचवी जागा नेहमी शून्य. बँक खात्याच्या क्रमांकाला अशी एकच पडताळणी नाही, त्याची लांबीही बँकेगणिक बदलते. तिथे आसपास 'खाते', 'अकाउंट', 'जमा' असे शब्द आहेत का ते पाहावं लागतं. मायक्रोसॉफ्टच्या प्रेसिडिओ या मुक्त साधनात पॅन-आधारच्या ओळखी तयार मिळतात. तिथून सुरुवात करा.

आता फसगत कुठे होते ते पाहा. जावास्क्रिप्टमध्ये अंक ओळखणारी नेहमीची खूण फक्त रोमन अंक पकडते, देवनागरी नाही. पायथनमध्ये तीच खूण दोन्ही पकडते. सर्व्हरवर चाचणी पास, आणि एक्स्टेन्शनमध्ये मराठीत टाइप केलेला आधार क्रमांक सरळ बाहेर. शब्दाची सीमा दाखवणारी खूणही देवनागरीत दगा देते: जावास्क्रिप्टला देवनागरी अक्षर हे अक्षरच वाटत नाही, तर पायथनचं मूळ साधन वेलांटी-उकाराला शब्दाबाहेर काढतं आणि 'शिरोडकर'चे तुकडे करतं. उपाय एकच: तपासण्याआधी मजकूर एकसारखा करून घ्या. युनिकोडचं एनएफसी रूप (एका अक्षराचं एकच ठरलेलं लेखन), देवनागरी अंकांचे रोमन अंक, न दिसणारे जोडचिन्हांचे वर्ण काढलेले, आणि सरळ व वाकडी दोन्ही अवतरणं एकच केलेली. 'डी'सोझा'मधलं ते छोटं चिन्ह दोन प्रकारांनी लिहिलं जातं, त्यामुळे काही डिसोझा निसटतात.

नावं त्याहून कठीण. गोव्यातली बरीच आडनावं गावांवरून आलेली: मांद्रेकर, पार्सेकर, शिरोडकर. 'गावकर' आडनावही आहे आणि कोमुनिदादच्या (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या) कागदात हक्कदार या अर्थाचा शब्दही. 'नाईक' आडनाव आहे, हुद्दाही आहे. फर्नांडिस चार तऱ्हांनी लिहिलं जातं. आयआयटी मद्रासच्या एआय४भारत गटाचं इंडिकएनईआर मॉडेल मराठीसह ११ भाषांत नावं ओळखतं, पण त्यात कोंकणी नाही, आणि गोव्यातल्या ऑफिसात मराठी-कोंकणी-इंग्रजी एकाच वाक्यात येतात. त्यामुळे मॉडेलवर एकट्यावर विसंबू नका. गिऱ्हाइकाच्या टॅलीतून देणेकरी-घेणेकऱ्यांच्या खात्यांची यादी काढा, कर्मचाऱ्यांची यादी घ्या, हॉटेल असेल तर येणाऱ्या पाहुण्यांची. ही यादी त्यांच्याच यंत्रावर राहील आणि तिथेच जुळवली जाईल. यादी आधी, मॉडेल नंतर. झाकायला हवी अशी बहुतेक नावं या यादीतच सापडतात.

मग विभक्ती. यादीत 'शिरोडकर' आहे, मजकुरात 'शिरोडकरांच्या', 'शिरोडकरसाहेबांना', 'रमेशबाबांनी'. ही रूपं सोलून मूळ नावापर्यंत जायला प्रत्ययांची आणि आदराच्या शब्दांची एक यादी लागते. साहेब, बाब, ताई, मॅडम धरून साठ-सत्तर नोंदी पुरतात. पण सोललेला प्रत्यय पुन्हा चिकटवायचा कसा? हे जवळून पाहू:

मूळ मजकूर: 'शिरोडकरांच्या मुलीच्या लग्नाला ४० खोल्या. ॲडव्हान्स आला, बाकी राहिली. शिरोडकरसाहेबांना नम्रपणे आठवण करणारं पत्र लिहा.'

नुसती अदलाबदल केली तर '[[व्यक्ती-१]]ांच्या' असा तुटका काना कंसाला लटकतो. मॉडेल तो आपल्या समजुतीने दुरुस्त करतं आणि उत्तरात '[[व्यक्ती-१]]ला' लिहितं. नाव परत भरलं की 'शिरोडकरला कळवण्यात येते' असं पत्र तयार होतं. ते यजमानाच्या हाती पडलं तर बुकिंग जाईल. म्हणून झाकतानाच रूप बदला: '[[व्यक्ती-१]] यांच्या मुलीच्या लग्नाला', '[[व्यक्ती-१]] यांना आठवण'. मराठी पत्रव्यवहारात 'यांनी, यांना, यांच्या' ही सोय आयतीच आहे. नाव जसंच्या तसं राहतं, प्रत्यय 'यां'ला लागतो आणि मानही राखला जातो. मॉडेलला दिलेल्या सूचनेतही लिहा की कंसातल्या खुणेला काहीही जोडू नये. परत भरण्याआधी प्रत्येक खूण मूळ यादीशी ताडून पाहा. मॉडेलने '[[व्यक्ती-३]]' अशी कधी नसलेली खूण निर्माण केली असेल तर उत्तर दाखवण्याआधी तिथे लाल रेघ यायला हवी.

स्थानिक कागदही शिकवा. एक-चौदाच्या (गोव्यातल्या जमिनीच्या) उताऱ्यातला सर्व्हे नंबर आणि पोटविभाग, जीए-०७ किंवा जीए-०८ने सुरू होणारा गाडीचा नंबर, परदेशी पाहुण्यांच्या नोंदीच्या सी-फॉर्मसाठी घेतलेला पासपोर्टचा तपशील. जमिनीच्या व्यवहारात सर्व्हे नंबर आणि गाव एवढ्यावरून मालक कळतो, नाव झाकून उपयोग नाही.

काही गुपितांना ठरावीक आकारच नसतो: औषधाचं मिश्रण, हॉटेलचा ट्रॅव्हल एजंटशी ठरलेला दर, टेंडरचा आकडा. त्यांच्यासाठी गिऱ्हाइकाने एक फोल्डर ठेवायचा. त्यातल्या प्रत्येक कागदाचे आठ-आठ शब्दांचे एकमेकांवर चढणारे तुकडे करा, प्रत्येकाचा किल्ली लावलेला हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा) ठेवा आणि पेस्ट केलेल्या मजकुरात तीन तुकडे जुळले तर थांबवा. सगळ्याला एकच शिक्षा देऊ नका. नंबर आणि नावं आपोआप झाकली जावीत, शंका असेल तर माणसाला विचारलं जावं, गुपित फोल्डरमधलं असेल तरच अडवावं. दिवसातून पाच वेळा विनाकारण अडवणाऱ्या साधनाला लोक आठवड्यात वळसा घालतात.

स्वतःकडे काय ठेवायचं

शक्य तितकं काहीच नाही. खरं नाव आणि खूण यांची जोडी गिऱ्हाइकाच्या यंत्रावर, त्या संवादापुरती, एन्क्रिप्ट करून ठेवा आणि संवाद संपल्यावर २४ तासांत पुसा. तुमच्या सर्व्हरवर फक्त एवढं यावं: कोणत्या वेळी, कोणत्या विभागातून, कोणत्या प्रकारच्या किती गोष्टी झाकल्या. मजकूर येऊ नये, त्रुटींच्या नोंदीतसुद्धा नाही. गळती हमखास होते ती तिथेच. प्रोग्राम कोसळतो आणि त्याच्याबरोबर आख्खा प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला लिहिलेला मजकूर, लॉगमध्ये जाऊन बसतो.

'आम्ही आधार साठवत नाही, हॅश साठवतो' असं सांगणाऱ्याला ग्राहकाचा जाणता माणूस एका प्रश्नात गप्प करेल. आधारचा पहिला अंक आठांपैकी एक, मधले दहा मोकळे, शेवटचा ठरलेला. म्हणजे फक्त ८,००० कोटी शक्यता. साधा एसएचए-२५६ हॅश असेल तर एक चांगलं ग्राफिक्स कार्ड त्या सगळ्या थोड्याच वेळात करून बघतं. हॅश ठेवायचाच असेल तर एचमॅक (गुप्त किल्ली लावलेला हॅश) वापरा आणि त्याची किल्ली ग्राहकाकडेच राहू द्या.

मालक हळूच विचारतील: 'कोण काय लिहितो ते मला दिसेल का?' नाही म्हणा. कर्मचाऱ्यांवर नजर ठेवायचं साधन झालं की लोक खासगी मोबाइलकडे वळतात आणि ज्यासाठी हे सगळं केलं तेच हातचं जातं.

गेटवे गिऱ्हाइकाच्या ऑफिसात बसवत असाल तर पावसाळ्याचा विचार आधी करा. वीज गेली, यंत्र बंद पडलं, तर एआयचं पान बंद राहील पण बाकी इंटरनेट आणि ईमेल चालू राहील अशीच रचना हवी. सगळंच बंद पडलं तर एएमसीवाला पहिल्या वादळात तुमचा डबा काढून ठेवेल आणि तो पुन्हा लागणार नाही. नावं ओळखणारं छोटं मॉडेल साध्या यंत्रावर चालतं. संपूर्ण चॅटच ऑफिसात चालवायचं असेल तर ८ अब्ज पॅरामीटर्सच्या मॉडेलला ४-बिट रूपात साधारण ५ ते ६ जीबी, १६-बिट रूपात सुमारे १६ जीबी ग्राफिक्स मेमरी लागते. मराठी पत्रांचा दर्जा मात्र स्वतः तपासल्याशिवाय कबूल करू नका.

कायदा, करार, चाचणी

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. तुमचा ग्राहक हा डेटा फिड्युशिअरी (माहितीची जबाबदारी असलेला), तुम्ही प्रोसेसर (त्याच्या वतीने ती हाताळणारे). वैध कराराशिवाय त्याने तुम्हाला काम देता येत नाही. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि तो भार त्याच्यावर येतो, म्हणून तो तुमच्याकडून लेखी हमी मागेल. ती देताना 'गळती होणारच नाही' असं लिहू नका. कोणते प्रकार झाकले जातात, कोणते नाहीत, याची यादी कराराला जोडा. फोटोतला मजकूर तपासत नसाल तर तेही त्यात येऊ द्या.

सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. सहा तास फार कमी असतात. कोण फोन उचलणार, अहवालाचा नमुना कुठे आहे, ग्राहकाला कोण सांगणार, हे कागदावर ठेवून दर तिमाहीत एकदा रविवारी रात्री तालीम करा.

चाचणीसाठी ५०० प्रॉम्प्ट तयार करा: ३०० मध्ये झाकण्याजोगं काही, २०० स्वच्छ. सगळी माहिती बनावट हवी, खऱ्या अशिलाची एकही ओळ नको. पडताळणीचा अंक असलेला एकही नंबर सुटता कामा नये. नावांत शंभरात ९५ ही सुरुवातीची रेघ धरा. स्वच्छ प्रॉम्प्टमध्ये विसात एकापेक्षा जास्त खोटी हाक आली तर विकायला बाहेर पडू नका. मग ३० दिवसांचा पैसे देऊन केलेला पायलट, जास्तीत जास्त २५ माणसांवर. फुकट पायलटला कोणी वेळ देत नाही.

दराचं गणित आधी मांडा. माणशी महिना २५० रुपये आणि २० माणसांचं ऑफिस, म्हणजे पाच हजार. अशी २० ऑफिसं मिळाली तरी महिन्याला एक लाख, आणि त्यात एक चांगला इंजिनिअरही धड बसत नाही. म्हणून दर ऑफिसला किमान रक्कम ठेवा, वर्षाचे पैसे आगाऊ घ्या आणि एएमसीवाल्यांमार्फत विका. म्हापसा-मडगावात दहा-दहा ऑफिसांचे ॲडमिन पासवर्ड त्यांच्याकडेच असतात. २० टक्के त्यांना द्या, पण ग्राहकाशी करार थेट तुमचाच असू द्या.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड करा. दोन संचालक, दोन भागधारक, त्यातला एक संचालक भारतात राहणारा. भांडवल जमा झाल्याचं आयएनसी-२०ए हे घोषणापत्र १८० दिवसांत भरायला विसरू नका. केंद्राच्या उद्योग विभागाची (डीपीआयआयटी) स्टार्टअप मान्यता आणि गोवा सरकारच्या स्टार्टअप धोरणाखालची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्याच्या योजनांत बराचसा लाभ खर्च केल्यानंतर परतफेडीने मिळतो, तेव्हा ते पैसे पगाराच्या हिशेबात धरू नका. बसायला जागा आणि सल्ला वेर्ण्याच्या सीबा किंवा फातोर्ड्याच्या डॉन बॉस्को कॉलेजातल्या फायर या इन्क्युबेटरकडे मिळू शकतो. आणखी एक गोष्ट बाहेरचे सल्लागार सांगत नाहीत: गोव्याच्या नागरी कायद्याखालच्या लग्नात, वेगळा करार नसेल तर, पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. शेअर्सही त्यात येऊ शकतात. संस्थापकांच्या करारावर जोडीदाराची सही लागते का ते वकिलाला पहिल्याच दिवशी विचारा.

ग्राहक सोडून गेला तर काय, हेही पहिल्याच करारात लिहा: सात दिवसांत एक्स्टेन्शन सगळ्या यंत्रांवरून काढायचं, गेटवेची एपीआय-किल्ली रद्द करायची, नावांची यादी व हॅश ज्यांनी बंद आहेत त्या किल्ल्या त्यांच्या माणसासमोर नष्ट करायच्या, आणि कायद्याने ठेवावे लागणारे लॉग कोणत्या तारखेला पुसले जातील ते सहीच्या कागदावर द्यायचं.